चौथ्या सुईवरचा शेंदूर

गिरधरनाना, एरवी मी गोष्टीचा शेवट राखून ठेवणारा माणूस. ऐकणाऱ्याचा चहा गार होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवायचं आणि मग हुकमाचं पान टाकायचं, ही माझी खोड तुम्ही वीस वर्षं सोसली. आज पान आधीच टाकतो. पंपाच्या खड्ड्यातल्या त्या डिटेक्टरला खंडेनवमीच्या दिवशी शेंदूर मी लावला होता. मी. उजव्या हाताच्या याच अंगठ्याने.

झालं. अकरा वर्षं घशात अडकलेलं वाक्य लिहायला अर्धं मिनिटही लागलं नाही. ठपका तुमच्यावर आला, धुळ्याला तुम्ही गेलात, आणि मी पॅनल रूममध्ये खुर्चीवर बसून लोकांना हसवत राहिलो. हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही थांबला नाहीत, किंवा खरं म्हणजे मीच फार वेळ लावला.

आता गोष्ट. तुम्हाला सगळी माहीत आहे, पण तुम्हाला माहीत असलेलंच तुम्हाला पुन्हा सांगायची मला आणि ऐकायची तुम्हाला सवय आहे. शिवाय हे वाचणाऱ्यांना आपला प्लांट ठाऊक नाही.

धरणगावजवळच्या आपल्या प्लांटला सगळा तालुका नुसतं ‘सॉल्व्हंट’ म्हणतो. सरकीच्या पेंडीत जे तेल घाण्यातून सुटत नाही ते हेक्झेनने धुऊन काढायचं, हे आपलं काम. हेक्झेन म्हणजे पेट्रोलची धाकटी बहीण. डोळ्यांना दिसत नाही, हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात जाऊन बसते आणि ठिणगीची वाट बघते. मी शिफ्ट इनचार्ज, तुम्ही इन्स्ट्रुमेंट फोरमन. मला प्लांट चालू हवा, तुम्हाला माणसं जिवंत हवीत. भांडणाला एवढं पुरेसं होतं.

गॅस अ‍ॅनालायझर आला तो दिवस आठवतो? कपाटाएवढी पेटी, तिच्यावर चार सुया. प्लांटमध्ये चार ठिकाणी चार डिटेक्टर, प्रत्येकाचं डोकं बारीक छिद्रांच्या धातूच्या जाळीचं आणि कापसाच्या बोंडाएवढं, म्हणून पहिल्याच दिवशी कामगारांनी त्याचं नाव ‘बोंड’ ठेवलं. हवेत स्फोट होण्याइतकी वाफ म्हणजे शंभर, आणि त्यातले किती टक्के झाले ते सुई दाखवणार. ठरवलेल्या आकड्यावर सुई गेली की भोंगा. तो आकडा कुठला, हे पेटीच्या आतल्या छोट्या पेचांवर ठरायचं. मुंबईहून आलेल्या इंजिनियरने पेच फिरवून दहावर लावले, आपल्याकडचं वांग्याचं भरीत दोनदा मागून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीने तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून भोंगा. पेंडीची पोती भरली, भोंगा. वारा पडला, भोंगा. चौथ्या दिवशी बघतो तर निम्म्या कामगारांनी सरकीला चिकटलेला कापूस ओढून कानांत घातलेला! मालकांचे जावई प्लांट बघायला आले, तो तर माझा आवडता अंक. त्यांना हेक्झेनचा वास सोसवेना. बोंडाशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी खिशातून परदेशी सेंटचा डबा काढला आणि रुमालावर ‘फुस्स’ केलं. भोंगा, पिवळा दिवा, लाल दिवा, प्लांट बंद. माणसं बाहेर पळताहेत, जावईबापू स्टुलावर रुमाल धरून पुतळ्यासारखे बसलेत, आणि तुम्ही तोंडावरची रेषही न हलवता म्हणालात, “गॅस सापडी गया. पावनास्ले भायेर काढा.”

हे मी शंभर वेळा करून दाखवलंय. प्रत्येक वेळी तुम्ही मागे उभे राहून म्हणायचात, “इतलं काही झायेल नव्हतं.” आणि हसायचात.

मी म्हटलं, नाना, चाळीसवर लावा, एकदाची कटकट जाऊ द्या. तुम्ही पेचाला हातही लावला नाही. स्टूल आणि वही घेऊन पेटीसमोर बसलात ते पंधरा दिवस. दर तासाला चारही सुया कुठे आहेत, वारा कुठून आहे, कुठल्या मजल्यावर काय काम चाललंय, सगळं वहीत. मी येता-जाता टोचायचो.

“नाना, मुहूर्त बघताय का? पेच फिरवायला पंधरा दिवस?”

“पेच फिरावाले एक मिनिट लागस. कितला फिरावना, त्ये समजाले पंधरा दिन लागतस.”

“आणि तोवर कानात कापूस?”

“त्यानाकरताच त बठेल शे. दहा डाव फुकट वाजना, तर अकरावा डाव कोनी उठाव नही, नाटक्या.”

गणपतीत मी नाटकं बसवायचो, म्हणून मी ‘नाटक्या’. सगळ्या प्लांटने ‘साहेब’ म्हटलं आणि तुम्ही एकट्याने ‘नाटक्या’, हा मला मिळालेला सगळ्यात मोठा सन्मान होता. हेही सांगायचं राहिलं.

पंधरा दिवसांनी वही मिटून तुम्ही पेच लावले. वीसवर पिवळा दिवा आणि घंटा. चाळीसवर भोंगा आणि प्लांट आपोआप बंद. आणि सगळ्या तारा उलट्या करून टाकल्यात. मुंबईवाल्याने अशी जोडणी केली होती की गॅस आला की भोंग्याच्या स्विचला वीज मिळावी. तुम्ही अशी केलीत की सगळं ठीक असताना वीज चालू राहावी आणि ती तुटली की भोंगा वाजावा. मला ते वेड वाटलं. गॅस नसताना तार तुटली तरी बोंब!

तुम्ही विचारलंत, “वावरमा राखनदार दिनभर हाका मारस ना? हाक बंद पडनी म्हंजे काय समजानं?”

“झोपला.”

“नहीते साप चावी गया. दोन्ही डाव जाईसन दखनंच पडस ना?”

मी म्हटलं, बरोबर आहे. त्या दिवसाची मी डायरीत नोंद करायला हवी होती.

मग पेच हलू नयेत म्हणून त्यांच्यावर नखं रंगवायच्या पॉलिशचा थेंब टाकायचा असतो, हे तुम्ही कुठूनसं ऐकून आलात. झालं. दोन मिशीवाले गृहस्थ जळगावच्या बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर उभे. तुम्ही मला ढकलताय, मी तुम्हाला. शेवटी मीच पुढे झालो. दुकानदाराने विचारलं, “कुठला रंग?” मी वळून तुमच्याकडे बघितलं आणि तुम्ही, देवाशपथ, पूर्ण गंभीर चेहऱ्याने म्हणालात, “दूरथून दिसाले पाहिजे.” दुकानातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ती लालभडक बाटली तुमच्या शर्टाच्या खिशात राहिली आणि धुवायला टाकताना वहिनींना सापडली. वहिनींनी तुम्हाला काही विचारलं नाही. त्यांनी निरोप पाठवून मला बोलावलं, समोर बाटली ठेवली आणि म्हणाल्या, “भाऊ, हाई कोनी शे?” मी म्हटलं, “वहिनी, अ‍ॅनालायझरची.” त्या म्हणाल्या, “नाव त चांगलं दिसस.” समजूत पटायला त्यांना प्लांटमध्ये आणून पेटी उघडून लाल ठिपके दाखवावे लागले. पेटीकडे बघून त्या तुम्हाला म्हणाल्या, “मले वीस वरीसमा कधी आनी नही, इले आनी.” तुमचे कान त्या पॉलिशपेक्षा लाल झाले होते.

आणि आपलं बटणाचं भांडण. भोंगा एकदा वाजला की गॅस गेला तरी वाजतच राहील, माणसाने बटण दाबेपर्यंत थांबणार नाही, अशी जोडणी तुम्ही केलीत. ठीक. पण ते बटण कुठे? मी म्हणायचो, माझ्या टेबलावर. तुम्ही ते प्लांटच्या दाराबाहेर खांबावर बसवलंत. म्हणजे भर उन्हात माणसाने खुर्चीतून उठून साठ पावलं चालायचं. मी म्हणायचो, जिथे धोका आहे तिकडेच माणसाला धाडायचं, हे कुठलं शहाणपण? तुम्ही म्हणायचात, टेबलावर बटण असलं की माणूस भोंग्याचं तोंड दाबतो आणि चहा पितो. मी म्हणायचो, मी तसा माणूस नाही. तुम्ही माझ्या हातातल्या चहाकडे बघायचात. हे भांडण मिटलेलं नाही. माझं म्हणणं मला आजही निम्मं बरोबर वाटतं. आता कोणाशी भांडू? नवीन आलेले इन्स्ट्रुमेंटवाले मी काहीही म्हटलं तरी “येस सर” म्हणतात. असल्या माणसाशी कसलं भांडण होणार?

आता खंडेनवमी.

प्लांट दुरुस्तीसाठी तीन दिवस बंद होता. तुम्ही कुलदैवताला गावी गेला होतात. प्लांट धुऊन पुसून लख्ख, झेंडूची तोरणं, पेढ्याचे खोके, आणि भटजींचा पत्ता नाही. लोक ताटकळले. मग मी काय करणार? उपरणं खांद्यावर टाकलं आणि मीच भटजी झालो. पाठ असलेले दोन श्लोक चार चालींत म्हटले. बॉयलरला कुंकू, मोटारींना गंध, पाना-हातोडीला हार. कामगार हसून लोळताहेत, आणि हसतंय म्हटल्यावर मी थांबणारा आहे का? ताट घेऊन मी पंपाच्या खड्ड्यात उतरलो. अंधाऱ्या कोपऱ्यात ते बोंड, गोल, एकटं. मला ते थेट मारुतीसारखं दिसलं. तेलात कालवलेला शेंदूर होता. अंगठा बुडवला आणि चांगला दाबून फासला. वर म्हटलं, “बजरंगा, लक्ष असू दे.”

जाळीची छिद्रं म्हणजे त्या बोंडाचं नाक. मी त्याचं नाक बुजवलं आणि वरून त्यालाच लक्ष ठेवायला सांगितलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आलात. प्लांट सुरू करायच्या आधी प्रत्येक बोंड तपासायचं हा तुमचा नेम. फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये तपासणीचा गॅस भरून आणायचा, नळी बोंडाला लावायची, ब्लॅडर दाबायचा आणि सुई चढते का ते पाहायचं. तीन झाली. चौथं पंपाच्या खड्ड्यातलं. त्याच्या आधीच ब्लॅडर रिकामा झाला, म्हणून तुम्ही तो भरायला पॅनल रूममध्ये आलात. तिथे मी होतो. “नाना, बसा, काय चुकवलंत माहीत आहे का?” म्हणत मी भटजीचा प्रवेश सुरू केला. श्लोक, उपरणं, बॉयलरला केलेला साष्टांग नमस्कार, सगळं. तुम्ही टेबलावर हात आपटून हसलात, डोळ्यांना पाणी आलं तुमच्या. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन, ट्रक उभे आहेत, सुरू करा. तुम्ही चौथ्या सुईकडे पाहिलंत. शून्यावर होती. “जेवन व्हयनं का दखी लेसू,” म्हणालात आणि सहीचा कागद माझ्याकडे सरकवलात.

खड्ड्यातल्या मारुतीचा प्रसंग मी त्या प्रवेशातून गाळला होता. मुद्दाम गाळला नव्हता, नाना. पेढे वाटायला कोणी आलं आणि राहिला. सांगितला असता तर तुम्ही अर्ध्यातच उठून पळाला असता. माझ्या आयुष्यात मी एकच विनोद सांगायचा सोडला, आणि तोच सांगायला हवा होता.

दुपारच्या आधी पंपाची गळती सुरू झाली. सुकदेव, आपला पंपवाला, पाना घेऊन खड्ड्यात उतरला. पॅनलवर सगळं छान. मी काहीतरी लिहीत होतो. तुम्ही आत आलात, सुयांकडे पाहिलंत आणि जागच्या जागी थांबलात. पहिल्या तीन सुया दोन-तीनवर थरथरत होत्या, नेहमीसारख्या, कारण आपल्या प्लांटमध्ये थोडा वास कायमच असतो. चौथी शून्यावर गाढ.

“हाई सुई मरनी,” तुम्ही म्हणालात.

हात पुढे करून तुम्ही आधी प्लांट बंद केलात आणि मग धावलात. तुम्हाला धावताना मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मी पोचलो तेव्हा तुम्ही श्वास कोंडून पाच पायऱ्या उतरून सुकदेवला कॉलरला धरून ओढत होतात. त्याचे ओठ निळसर पडले होते. खांबाशेजारी त्याला उताणा ठेवला, महादू फिटरने त्याच्या तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने तो ओकला आणि रडायला लागला. तुम्ही त्याच्याशेजारी मातीत बसून राहिलात, हात त्याच्या छातीवर. ठिणगी पडली नाही. पडली असती तर हे लिहायला मी नसतो, आणि प्लांटवरचं कोणीच उरलं नसतं.

सुकदेव जळगावला चार दिवस दवाखान्यात राहून सुखरूप परतला. त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, “डिटेक्टरवर कुंकू-शेंदूर कोणी लावला?”

कोणी हललं नाही. माझ्या मनात वाक्य तयार होतं. मी वाक्यांचा माणूस, वाक्य तयार असणारच. उभा मात्र मी राहिलो नाही. बायको, दोन मुली, कंपनीचं घर, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. आणि मग तुम्ही उठलात. साहेबांसमोर तुम्ही नेहमी जपून शुद्ध बोलायचात, तसंच बोललात.

“लावणाऱ्याला काय माहीत, साहेब? तपासणं माझं काम होतं. तीन तपासले, चौथा राहिला. चूक माझी.”

तुम्हाला कंपनीच्या धुळ्यातल्या, कापसातून सरकी काढायच्या जिनिंगमध्ये पाठवलं. तिथे सगळ्या शेडमध्ये मिळून इन्स्ट्रुमेंट म्हणाल तर एक वजनकाटा. दोन वर्षं.

मी एकदा धुळ्याला आलो होतो. आठवतं? सांगायलाच आलो होतो. बसमध्ये पारोळ्यापर्यंत वाक्य घोटत होतो. स्टँडजवळच्या खानावळीत तुम्ही मला शेवभाजी खाऊ घातलीत, तर्री अशी की माझ्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, बरं झालं, आता रडलो तरी चालेल.

“काय काम काढं?” तुम्ही विचारलंत.

“काही नाही. सहज.”

“नाटक्या, तू सहज कोठेच जास नही.”

मी पाणी प्यालो. भाकरी मोडली. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. घाई नव्हती तुमच्या बघण्यात, पेटीसमोर पंधरा दिवस बसला होतात तसे बसला होतात. मी जावईबापूंचा किस्सा सुरू केला. तुम्ही तो शेवटपर्यंत ऐकलात, हसलातसुद्धा. मग हात धुताना विचारलंत, “चौथी सुई कितलावर ऱ्हास?”

“तीनवर.”

“मंग ठीक शे.”

परतीच्या बसमध्ये मी स्वतःला ज्या शिव्या दिल्या, त्या इथे छापता येणार नाहीत.

तुमच्यामागे पेच कोणाला जमेनात, म्हणून तुम्हाला परत बोलावलं. तुम्ही आलात, स्टूल घेऊन बसलात, जणू मधे फक्त जेवायची सुट्टी झाली होती. आणि पहिलं काम काय केलंत? आणखी एक अलार्म. भंगारातल्या एका जुन्या रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर, तुम्ही निळा दिवा जोडलात. सुई एकपेक्षा खाली जाऊन तिथेच राहिली की निळा दिवा लागणार. मी म्हटलं, नाना, गॅस जास्त झाला तर बोंब, हे समजलं. गॅस कमी झाला तरी बोंब? पावसाळी हवेत प्लांट स्वच्छ असतो, तेव्हा रोज निळं लागेल. लागलंच. दर वेळी तुम्ही ब्लॅडर घेऊन निघायचात आणि मी मागून ओरडायचो, “नाना, हवा शुद्ध असल्याबद्दल तक्रार आली का?” तुम्ही न वळता हात हलवायचात. निळ्या दिव्यावरून आपण नऊ वर्षं वाद घातला. दर वेळी मला आतून ठाऊक असायचं की तो दिवा कोणामुळे लागलाय. त्या नऊ वर्षांत त्याने दोनदा खरोखर बुजलेलं बोंड दाखवलं. दोन्ही वेळा मी गंमत केली. दोन्ही वेळा उजव्या हाताचा अंगठा मी टेबलाखाली मुठीत दाबून धरला होता.

काल प्लांटने तुमच्यासाठी शोकसभा ठेवली होती. बोलायला अर्थात मला उभं केलं. नाना हसून गेले पाहिजेत, असं सगळ्यांचं म्हणणं. मी सेंटचा डबा केला, बांगड्यांचं दुकान केलं. लोक हसले, पुढच्या बाकावर बसलेल्या वहिनीही हसल्या. आणि हसू ओसरायच्या आत मी म्हणालो, “तो शेंदूर मी लावला होता.”

शांतता. मी आयुष्यभर ज्या शांततेसाठी धडपडलो, तशी. सुई पडली तर ऐकू येईल अशी. मनात एक नीच विचार येऊन गेला, काय पडलंय वाक्य! आणि तेवढ्यात सुकदेव उठला.

“सायेब, पयलं कुकू मी लायेल व्हतं. तुम्ही उतरनात त्याना आंगोदर.”

मी काही बोलणार, तर मागून पोती भरणारा एक जण उभा. “मी गुलाल लायं व्हता.” मग हळद लावणारा बॉयलरवाला. “हायद मन्ही.” मग आणखी एक. प्रत्येक जण अकरा वर्षं समजत होता की ते बोंड आपणच बुजवलं. नाना, तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी खट्टू झालो. माझा गुन्हासुद्धा एकपात्री निघाला नाही.

शेवटी महादू उठला. आता त्याला नीट दिसतही नाही. त्या दुपारी बोंड साफ करताना तुमच्याशेजारी बॅटरी धरून तोच उभा होता. “नानानी नखवरी खरडं,” तो म्हणाला. “वर शेंदूर, खाले गुलाल, त्याना खाले हायद, कुकू. माले म्हने, महादू, हाई एकना हात नही. बठ्ठास्नी भक्ती शे. कोनाले सांगू नको, उगाच एखादा सापडी जाई.”

तुम्हाला माहीत होतं. खानावळीत माझ्यासमोर बसून तुम्ही तेच सगळं माहीत असलेल्या डोळ्यांनी बघत होतात. आणि सगळ्यात वरचा थर कोणाचा, हे ओळखायला तुम्हाला काय अवघड होतं? शेंदराचं ताट घेऊन श्लोक म्हणणारा प्लांटमध्ये एकच होता.

लोकांना हलकं वाटायला लागलं होतं. कोणी डोळे पुसत होतं, कोणी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकत होतं. मलाही वाटलं, चला, वाटून घेतलं की ओझं कमी होतं. तेव्हा वहिनी बोलल्या. जागेवरून उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही.

“आते बठ्ठा उभा ऱ्हायनात. त्या दिन मॅनेजरनी इचारं, तवय एकबी उभा ऱ्हायना नही?”

सगळ्यांवरून नजर फिरवून त्या पुढे म्हणाल्या,

“त्या धुयाले व्हतात, तवय मन्ही सासू गयी. दोन दिन ‘गिरधर, गिरधर’ करी ऱ्हायंती. निरोप पोचाले येळ लागी गया. त्या घर पोचनात, तवय तिना डोया मिटायेल व्हतात.”

तुमच्या आईच्या मातीला मी आलो होतो, नाना. तुमच्या शेजारी उभा होतो. तुम्ही फक्त म्हणालात, “उशीर व्हयना.” मला वाटलं, बसला उशीर झाला. किती वेळचा उशीर, कोणामुळे उशीर, हे मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलं नाही. त्यानंतर मी तुम्हाला किती वेळा हसवलं!

भाषणाला मी एक शेवट रचून आणला होता. चांगला होता. तो तिथेच राहिला. मी पुढे जाऊन वहिनींसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “वहिनी, चुकलं माझं.”

“काही नाही हो, देवाची मर्जी” असं काहीतरी त्या म्हणतील, असं मला वाटलं होतं. बायका म्हणतात तसं. त्या म्हणाल्या,

“हां. चुकनं.”

मग पदर आवरून त्या थोड्या सरकल्या आणि बाकावर जागा केली. मी बसलो.